एकही डाग नको

१

तुम्ही कधी स्वतःच्या लेकीच्या चेहऱ्यावरचे डाग मोजलेत का? मी मोजलेत. त्रेसष्ट होते. कपाळावर सतरा, नाकावर पाच, डाव्या गालावर बावीस, उजव्यावर चौदा आणि हनुवटीवर पाच.

हौस म्हणून नाही मोजले. माझं कामच ते आहे. आमच्या नारीन गावात, बाजारामागे, नदीच्या अंगाला एक फोटो स्टुडिओ आहे. मालक फोटो काढतात आणि मी आतल्या खोलीत संगणकावर बसून चेहरे साफ करते. एकवीस वर्षं झाली. खिडकीखालून नदी वाहते. तिचा आवाज इतका सवयीचा झालाय की तो येतोय हे कुणी विचारल्याशिवाय लक्षातही येत नाही.

बर्फ वितळलं की आमच्याकडे दोन प्रकारचं काम एकदम येतं. एक म्हणजे अकरावी संपवून शाळा सोडणाऱ्या मुलांचे अल्बम. दुसरं म्हणजे दगड. हिवाळ्यात जमीन गोठलेली असते, म्हणून कबरीवरचे दगड लोक वसंतात बसवतात. काळ्या दगडावर गेलेल्या माणसाचा चेहरा कोरून घेतात. त्यासाठी फोटो आधी माझ्याकडे येतो. तेव्हा माझ्या संगणकात दोन कप्पे असतात, 'शाळा' आणि 'दगड'. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी या कप्प्यातून त्या कप्प्यात जात असते.

हे काम मला दामिरा-एजेंनी शिकवलं. एजे म्हणजे थोरली बहीण; वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे तसंच म्हणतात. त्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या. त्यांच्या काळी काचेवर टोकदार पेन्सिलीने काम चालायचं. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "गेलेल्या माणसाचा चेहरा अगदी स्वच्छ कर, बुरुल. त्याला आता काही सांगायचं नसतं. जिवंत माणसाचं मात्र काहीतरी ठेव. एखादा तीळ ठेव, एखादा वण ठेव."

"का हो, एजे?"

"ठेवायचं असतं."

तान्ह्या बाळाच्या कपाळाला काजळी लावतात, त्यातलाच प्रकार असेल असं मला वाटलं. मी पुन्हा विचारलं नाही. हजारो चेहरे हाताखालून गेले आणि प्रत्येकाचं मी काहीतरी ठेवलं. एकदाच ठेवलं नाही.

२

माझी मुलगी अकमारल. सतरावं चालू आहे. चौदाव्या वर्षी तिच्या कपाळावर पुटकुळ्या आल्या, मग त्या गालांवर उतरल्या, पिकल्या, फुटल्या, काळ्या पडल्या आणि त्यांच्या जागी नव्या आल्या. आम्ही काय नाही केलं? आंबट ताकाच्या निवळीने तोंड धुतलं. मेंढीची चरबी लावली. पिवळ्या फुलांच्या कडू झाडाचा चीक लावला, त्याने कातडी भाजली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "वय आहे हो. जाईल." पण ज्याचं वय असतं त्याला "जाईल" म्हणून काय उपयोग?

खालच्या मजल्यावरची सायराकान मनाने वाईट नाही, पण तिच्या जिभेला हाड नाही. जिन्यात भेटली की म्हणायची, "काय गं अकमारल, कुरुत अजून वाळलं नाही का?" कुरुत म्हणजे आंबट दह्याचे वाळवलेले गोळे. शाळेतही मुलं तिला कुरुतच म्हणायची. घरात येण्याच्या वाटेवरच्या आरशावर तिने आपला हिवाळी कोट टांगला होता. मे महिना लागला तरी तो तिथेच होता. मी तो काढला नाही.

अल्बमचे फोटो काढून झाल्यावर एक दिवस शाळा सुटताच ती स्टुडिओत आली. मालक घरी गेले होते. मी तिचाच फोटो उघडून बसले होते आणि तो पडद्यावर हातभर मोठा झाला होता. तिने पाहिलं आणि स्वतःचा चेहरा ओढणीत घेतला. आईला, म्हणजे मला, ती आपा म्हणते.

"आपा, हे सगळं काढ."

"काढते ना, माझ्या शिंगरा. सगळ्यांचं काढते."

"सगळ्यांसारखं नको. एकही डाग नको."

"बरं. ही हनुवटीवरची खूण तेवढी राहू दे. चार वर्षांची होतीस, बर्फावर पडलीस. मी तुला पाठीवर घेऊन..."

"तीपण काढ."

"अगं, मग तू तू दिसणार नाहीस."

"तेच तर हवंय मला."

मी हसले. ती हसली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "माझ्या शेजारी कुणी बसायचं म्हणून वर्गात चिठ्ठ्या टाकतात, आपा. हरेल तो बसतो."

हे मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं मी रोज तिचा डबा भरत होते आणि हे मला ठाऊक नव्हतं.

मी एकेक डाग काढत गेले. ती मागे उभी राहून बघत होती. तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता. बासष्ट काढले. मग हनुवटीवरचा वण मोठा करून पाहिला. तांदळाच्या दाण्याएवढा, एका टोकाला जरासा वाकडा. तोही पुसला. त्या क्षणी नदीचा आवाज थांबल्यासारखा वाटला. मी खिडकीकडे पाहिलं तर ती उघडीच होती. मग आवाज पुन्हा आला. कान भरले असतील, दिवसभर बसून होतात असे कधी कधी. सवयीच्या हाताने फोटो जतन केला, दिवे मालवले आणि आम्ही दोघी घरी आलो.

३

चौथ्या दिवशी सकाळी ती चहाला आली तेव्हा तिचं कपाळ साफ होतं.

मी कपाकडे हात नेला होता, तो तसाच राहिला. "इकडे ये बघू, उजेडात."

"अजून गालांवर आहेत," ती म्हणाली. पण तिच्या आवाजात काहीतरी उसळत होतं.

आठवडाभरात गालही साफ झाले. मी गोळ्यांची पाकिटं मोजून पाहिली. महिनाभराच्या संपल्या होत्या. म्हणजे औषध लागू पडलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या की वय आहे, जाईल. त्यात नवल काय? मी बाजारातून मलई आणली आणि गरम पावावर भरपूर घालून तिला दिली. ती खिडकीशी उभी राहून, चेहऱ्यावर ऊन घेत खात होती. उजेडाकडे तोंड करून तिला खाताना मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

जिन्यात सायराकान भेटली. तिने तीनदा थुंकल्यासारखं केलं, दृष्ट लागू नये म्हणून. "बाई गं! काल तुझ्याकडे पाहुणी आली होती ना? मी तिला विचारलं, कुणाकडे आलीस? तर ही आपलीच कुरुत!"

"कुरुत म्हणू नकोस तिला."

"आता कशाला म्हणेन? आता तर ती मलई."

माझा नवरा एमिल परदेशात इमारती बांधायच्या कामावर आहे. रविवारी तो फोनवर दिसतो. त्या रविवारी अकमारलने फोन घेतला. तो तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाळा, आमची अकमारल कुठाय? तिला बोलाव."

"बाबा, मीच की!"

मग तो इतका हसला, इतका हसला. आम्हीही हसलो. तिने त्याच दिवशी आरशावरचा कोट काढून कपाटात ठेवला. त्या आठवड्यात आमच्या घरात सुख होतं. ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

४

सोमवारी मी तिची वेणी घालत होते. ती पुढे आणि मी मागे, दोघी आरशासमोर. केस मागे घेताना माझा अंगठा तिच्या हनुवटीवरून फिरला. ही माझी जुनी सवय आहे. तो वण बोटाला लागला की मला बरं वाटायचं. त्या दिवशी अंगठा घसरला. तिथे काही नव्हतं.

मी वाकून पाहिलं. पुटकुळ्या जातात. पण टाके घातलेली जखम तेरा वर्षांनी जाते का? मी तिच्या दंडावर पाहिलं. लहानपणी टोचलेल्या लशीचा गोल वणही नव्हता.

"काय शोधतेस, आपा?"

"काही नाही."

ती आरशात हसली. हसल्यावर माणसाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना वळी पडते, डोळ्यांखाली बारीक सुरकुती येते. मी रोज पुसते त्या रेषा, म्हणून मला ठाऊक आहेत. तिच्या चेहऱ्यावर एकही रेघ उमटली नाही. ओठ तेवढे रुंद झाले.

वय कोवळं आहे, मी स्वतःला सांगितलं. कोवळ्या कातडीला कुठून येणार सुरकुत्या? आणि वण मुळातच बारीक होता. मी फोटो मोठे करून करून बघते, म्हणून मला सगळं मोठं वाटतं.

त्याच दुपारी शाळेच्या पायऱ्यांवर वर्गातल्या मुलींचा एकत्र फोटो काढायचा होता. मालकांचा गुडघा दुखत होता, म्हणून मी गेले. अकरा मुली होत्या. अकमारल मधोमध उभी होती. पूर्वी ती कडेला, कुणाच्या तरी खांद्याआड उभी राहायची. आता दोन्ही बाजूंच्या मुलींनी तिच्या कमरेत हात घातले होते. मला भरून आलं. तिच्यापलीकडची बेरमेत नावाची मुलगी ओरडली, "एजे, हिला पुढे नका घेऊ, आमच्याकडे कुणी बघणारच नाही!"

आमचा कॅमेरा माणसाचा चेहरा ओळखतो. पडद्यावर प्रत्येक चेहऱ्याभोवती छोटा पिवळा चौकोन येतो. मी चौकोन मोजले, सवय म्हणून. दहा होते.

मी दोन पावलं पुढे गेले. दहाच. मुलींना जवळ जवळ उभं केलं. चौकोन हलले, थरथरले आणि दहा चेहऱ्यांवर जाऊन बसले. मधोमध माझी मुलगी हसत होती आणि तिच्याभोवती काही नव्हतं.

"काढा ना, एजे! गाल दुखले हसून!"

मी फोटो काढला.

५

दामिरा-एजे गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहतात. मी गेले तेव्हा त्या जमिनीवर बसून नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे, तुकडे कापत होत्या. नजर अधू झाली असली तरी कात्री अजून सरळ चालते.

"चहा घे. बस. इतकी पांढरी का पडलीस?"

मी पिशवीतून अकमारलचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग खिडकीकडे धरला. बराच वेळ बघत होत्या.

"काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "कुणाची मुलगी गेली?"

"एजे, ही अकमारल आहे."

त्यांनी फोटो हळूच जमिनीवर पालथा ठेवला. त्यावर नमद्याचा एक तुकडा ठेवला.

"काय ठेवलंस तिचं?"

"काही नाही. ती म्हणाली, एकही डाग नको. फार रडवेली झाली होती हो. तुम्ही असतात तर..."

"घरी कोण आहे आत्ता?"

"तीच."

"एकटी?"

"हो."

"मग तू इथे चहा कशाला पितेयस, बुरुल?"

मी उठले. दारात पायताण घालताना विचारलं, "पण करू काय? हे परत कसं करायचं?"

त्या म्हणाल्या, "मी कधी परत केलेलं नाही. आपल्याला फक्त पुसता येतं." मग म्हणाल्या, "तुला आठवत असेल, तर तुझ्या हाताने पुन्हा रेखून बघ. होतं तसं, होतं तिथे. भलतं काही रेखू नकोस."

"हे काय आहे, एजे? मला नीट सांगा तरी."

"मला ठाऊक असतं तर मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं नसतं का?"

६

स्टुडिओत येऊन मी कॅमेऱ्यातला मूळ फोटो शोधला. न पुसलेला, शाळेत काढला तसा. सापडला. उघडला. चेहरा गुळगुळीत होता.

चुकून त्याच्यावरच जतन झालं असणार. होतं असं. मी मागच्या वर्षीचा फोटो उघडला. त्याच्या मागच्या वर्षीचा उघडला. वाढदिवस, सहल, एमिल परदेशी निघाला त्या दिवशीचा बसथांब्यावरचा. सगळ्या फोटोंत माझ्या मुलीचा चेहरा मेणासारखा होता. बाजूला एमिलच्या गालावरचा तीळ होता, माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं होती. सगळं जागच्या जागी होतं.

मग मी पुसायचं हत्यार बाजूला ठेवलं आणि रेखायचं घेतलं. त्रेसष्ट. आकडे मला पाठ होते. कपाळावर सतरा. पण कपाळावर कुठे? भुवईच्या वर एक मोठी पुटकुळी होती, डाव्या की उजव्या? मी एक काढली. ती खोटी दिसली, बोट लागलेल्या शाईसारखी. पुसली. दुसरी काढली. तीही खोटी. हनुवटीवरच्या वणाचं वाकडं टोक वरच्या बाजूला होतं की खालच्या?

मी तीन वर्षं तो चेहरा पाहत होते. प्रत्येक डाग मोजला होता. ते कधी जातील याचीच वाट पाहत होते. त्यांच्याकडे नीट पाहिलं मात्र नव्हतं.

"आपा, काय करतेस?"

अकमारल दारात उभी होती. ती आल्याचा आवाज आला नव्हता. आमच्या त्या दाराची बिजागरी इतकी करकरते की नदीपलीकडे ऐकू जावी.

"काही नाही. तुझा फोटो..."

ती जवळ आली. पडद्यावर तिच्या कपाळावर मी रेखलेले तीन डाग होते.

"परत घालतेयस?"

"शिंगरा, ऐक माझं. तुला बरं वाटतंय ना? अंगात काही..."

"मला कधी नव्हे इतकं बरं वाटतंय!" तिचा आवाज चढला, पण कपाळाला आठी पडली नाही. "बेरमेतने आज मला तिच्या बाकावर बोलावलं. चिठ्ठी नाही, काही नाही. शेवटच्या घंटेच्या दिवशी, शाळा सोडायच्या समारंभाला, सगळ्या माझ्यासोबत उभ्या राहणार आहेत. परवाच आहे ती, आपा. अकरा वर्षांत एक दिवस मला छान शाळेत जायचंय. तोही नको का?"

"हवा गं. पण..."

"मग पुस ते."

मी तिच्याकडे पाहिलं. सुंदर होती. कुणीही मान्य केलं असतं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते गालांवरून कुठेही न थांबता, काचेवरून ओघळावं तसं सरळ खाली जात होतं.

मी ते तीन डाग पुसले.

७

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या घंटेच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास दगड कोरणाऱ्याचा फोन आला. गावाबाहेर त्याचा कारखाना आहे. दर आठवड्याला 'दगड' कप्प्यातले फोटो आपोआप त्याच्याकडे जातात. मग घरचे लोक त्याला नाव आणि तारखा कळवतात.

"बुरुल-एजे, या खेपेला पाच फोटो आले. चौघांच्या तारखा मिळाल्या. त्या मुलीच्या कुणी दिल्या नाहीत."

"कुठल्या मुलीच्या?"

"सोळा-सतराची असेल. केस मागे बांधलेत, गळ्याशी पांढरी कॉलर. इतकी कोवळी पोर असली की माझा हात जड होतो, म्हणून मी तिचाच दगड आधी घेतला. चेहरा कोरून झालाय. फार सुरेख आलाय, एजे. नुसतं बघत राहावं. जन्माची आणि मृत्यूची तारीख तेवढी सांगा."

मी खुर्चीचा हात धरला. त्या संध्याकाळी, दिवे मालवायच्या घाईत, माझ्या हाताने काय केलं ते मला समजलं. एकवीस वर्षांत माझ्या हाताला एकच माहीत होतं. चेहरा पूर्ण स्वच्छ असला की 'दगड'. हाताने तिचा फोटो बरोबर त्याच कप्प्यात टाकला होता.

"ती चूक आहे," मी म्हणाले. "ती मुलगी जिवंत आहे. ती माझी मुलगी आहे."

पलीकडे यंत्र घरघरत होतं.

"अरे देवा. देव तिला शंभर वर्षं देवो. माफ करा, एजे, मला काय ठाऊक! काळजी करू नका. दगड वाया जात नाही. यंत्राने वरचा थर घासला की पुन्हा कोरा. घासू?"

"घासा. आत्ताच्या आत्ता घासा. काही म्हणजे काही दिसता कामा नये."

"लावतोच. अर्ध्या तासात आरशासारखा करतो."

मी फोन ठेवला. आणि मग, खोलीत कुणी नसताना, मी काय सांगितलं ते मला ऐकू आलं.

मी लगेच उलट फोन लावला. तो वाजत राहिला. घासायचं यंत्र चालू असताना त्याला फोन ऐकू येत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

८

मी घरी धावले. बाजारातून, शाळेवरून, मग आमच्या इमारतीचे तीन मजले चढून. बाहेर लख्ख उजेड होता. सायराकान खाली गालिचा झटकत होती, ती काहीतरी म्हणाली, मी थांबले नाही.

घरात इस्त्रीचा वास होता. शेवटच्या घंटेला मुली घालतात तो पांढरा एप्रन खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता आणि बाजूला केसांत बांधायच्या पांढऱ्या फितीचे दोन मोठे झुबके. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता.

"अकमारल!"

"तोंड धुतेय, आपा!" आवाज तिचाच होता. मी भिंतीला टेकले. तिचाच आवाज. किती मूर्ख बाई मी. दगड तो दगड. मुलगी ती मुलगी.

"टॉवेल दे गं जरा. विसरले."

मी कपाटातून टॉवेल काढला. न्हाणीघराचं दार वीतभर उघडं होतं आणि आतून वाफ येत होती. तिचा ओला हात बाहेर आला. मी टॉवेल दिला. हात आत गेला. मला तिथून निघायचं होतं, पण मी उभी राहिले. त्या वीतभर फटीतून बेसिनवरचा आरसा दिसत होता. अर्धा वाफेने भरलेला, अर्धा साफ.

तिने टॉवेल चेहऱ्याला लावला. दाबला. हळूहळू खाली घेतला.

साबणाची वडी झिजत जाते, तिच्यावरची अक्षरं निघून जातात आणि मग ती हातात नुसती गोल, ओली, चकचकीत राहते. मी पाहिलं ते तसं होतं. क्षणभरच पाहिलं. आरसा पुन्हा वाफेने भरला. वाफ होती, उजेड तिरका होता, मी धावत आले होते. हे सगळं मी मला सांगितलं.

"किती हलकं वाटतंय, आपा," ती म्हणाली. कशाने म्हणाली ते मला कळलं नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. शेवया उकडल्या, मटणाचा रस्सा गरम केला, कांदा चिरला. दोन ताटल्या मांडल्या. ती येऊन समोर बसली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती शाळेबद्दल बोलत होती, कुणी कुठलं गाणं म्हणणार, फुगे किती. मी हं, हं म्हणत होते. तिची ताटली कशी कोण जाणे, रिकामी झाली.

मी मान वर केली नाही. जिच्या चेहऱ्यासाठी मी तीन वर्षं जिवाचं रान केलं, ती माझ्या हाताच्या अंतरावर बसली होती आणि मी आई असून तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्या ताटलीच्या निळ्या कडेवर एक चीर होती. जेवण होईपर्यंत मी त्या चिरेकडे बघत होते.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ती घरातून गेली होती. एप्रन नव्हता, झुबके नव्हते. अंथरूण नीट घडी घालून ठेवलेलं होतं.

मी साडेसातला स्टुडिओवर पोचले. दाराशी तिच्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या, पांढऱ्या एप्रनमध्ये, केसांत पांढरे झुबके. आठ जणी होत्या. शाळेची घंटा नऊला होती, त्याआधी त्या आल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात स्वतःचा फोटो होता. बेरमेतने हनुवटीवरचा फोड बोटाने झाकला होता. ती म्हणाली, "एजे, आमचेही कराल ना? अकमारलसारखे. काही ठेवू नका."

अकमारल माझ्याकडे पाठ करून उभी होती आणि त्यांना एकामागे एक उभं करत होती. मी तिला हाक मारली. ती वळली नाही. त्या आठही जणी तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि एकीच्याही डोळ्यांत भीती नव्हती.